आपणच आपला पंच

नियम मोडणाऱ्यास आळा बसावा म्हणून मैदानावर पंच असतो. आणि पंचाची नजर चुकली तरी प्रतिस्पर्ध्याची व प्रेक्षकांची नजर असतेच. परंतु ज्या खेळात पंच नाही, प्रतिस्पर्धी नाही आणि प्रेक्षकही नाहीत, त्या खेळात मर्यादा पाळावयाची ती कोणासाठी? हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तात्त्विक वाटेल. पण संगणकावरील ज्या खेळांत खेळाडू एकटाच एका विस्तीर्ण कल्पित देशात संचार करतो, त्या खेळांत तो रोज उपस्थित होत असतो. अशा खेळांना मुक्त जगाचे भूमिकाप्रधान खेळ म्हणता येईल. त्यांत खेळाडू एक पात्र निर्माण करतो, त्याला नाव-रूप देतो आणि डोंगर, गावे, भुयारे, राजवाडे यांनी भरलेल्या प्रदेशात त्याला मोकळे सोडतो. कोठे जावे, कोणाचे काम अंगावर घ्यावे, कोणाशी लढावे, हे सारे त्याचे तोच ठरवितो. या स्वातंत्र्याबरोबर पळवाटाही येतात. त्या समोर दिसत असूनही न वापरणारा, उलट स्वतःवर आणखी चार बंधने घालून घेणारा खेळाडूंचा एक मोठा वर्ग आज जगभर आहे. त्याच्या या वागण्यात केवळ छांदिष्टपणा आहे की काही अर्थही आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

दुकानदाराच्या डोक्यावर बादली

अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेने ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केलेला 'स्कायरिम' हा खेळ या बाबतीत उद्बोधक आहे. तो प्रसिद्ध होतो न होतो तोच एक गंमत सर्वतोमुखी झाली. या खेळात दुकानदाराच्या देखत वस्तू उचलली तर ती चोरी ठरते आणि पहारेकरी धावून येतात. मात्र दुकानदाराला ती दिसली की नाही, हे संगणक त्याच्या डोळ्यांपुढे अडथळा आहे की नाही यावरून ठरवितो. तेव्हा चतुर खेळाडूंनी दुकानातीलच एखादी बादली उचलून दुकानदाराच्या डोक्यावर पालथी घातली आणि सारे दुकान धुऊन नेले. डोक्यावर बादली घेऊन तो बिचारा शांतपणे उभाच!

ही झाली मौज. पण त्याच खेळात याहून खोल पळवाटा होत्या. किमयाविद्येचा प्रभाव वाढविणारी मंतरलेली वस्त्रे चढवावयाची, दुसऱ्या एका विद्येला बळ देणारे औषध तयार करून प्यावयाचे, वस्त्रे उतरवून पुन्हा चढवावयाची. त्या औषधाच्या अंमलामुळे वस्त्रांचे सामर्थ्य वाढते, वाढलेल्या सामर्थ्यामुळे पुढचे औषध अधिक जहाल होते आणि हे चक्र हवे तितके फिरविता येते. अखेरीस आकडे इतके फुगतात की एका फटक्यात महाकाय सर्प-पक्षी आडवा करणारी तलवार घडविता येते. एक विशिष्ट ग्रंथ फडताळात ठेवून पुन्हा पुन्हा वाचला की प्रत्येक वाचनागणिक निवडलेल्या गटातील कौशल्ये वाढत. ही चूक २०१३ मध्ये दुरुस्त करण्यात आली. लोहारकामाचे कौशल्य घडविलेल्या वस्तूच्या मोलावर नव्हे, तर संख्येवर वाढत असल्याने, एक लोखंडी कांब आणि चामड्याची एक वादी यांपासून होणारे साधे खंजीर शेकड्यांनी घडवीत बसणे हाही आरंभी राजमार्ग होऊन बसला. २०१२ मध्ये तोही बंद करावा लागला.

त्याच मालिकेतील २००२ च्या 'मोरोविंड' या खेळात एक पिशाच्च आणि एक बोलका खेकडा असे दोन व्यापारी होते. इतर दुकानदार घासाघीस करीत. हे दोघे मात्र वस्तू तिच्या पूर्ण मोलाने विकत घेत. ज्याला यांचा पत्ता लागला त्याचे दारिद्र्य कायमचे फिटले. पण त्याबरोबर त्या जगातील पैशाचे महत्त्वही संपले.

पंच कोठे हरवला?

या पळवाटांना तीन प्रकारांत विभागता येईल. पहिला प्रकार म्हणजे उघड चूक: ग्रंथाचा चमत्कार किंवा वस्तूंची एकाची दोन करण्याची युक्ती. दुसऱ्या प्रकारात नियम सगळे शाबूत असतात, पण त्यांचा मेळ असा काही बसतो की तोल पार ढळतो. औषधांचे चक्र हे त्याचे उदाहरण. तिसरा प्रकार सर्वांत मोहक आणि म्हणून सर्वांत व्यापक आहे. त्यात चूक काहीच नसते, असते ती केवळ सोय. खेळ जिथल्या तिथे जतन करून ठेवावयाचा, खिसा कापताना पकडले गेलो की मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करावयाचा आणि यश मिळेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. नकाशावर बोट ठेवले की क्षणात दूरच्या नगरात पोचावयाचे. लपून बाण मारला की दुप्पट-तिप्पट इजा होते म्हणून प्रत्येक संकटाला लपून बाण मारणे हेच उत्तर द्यावयाचे. 'स्कायरिम'मध्ये योद्धा म्हणून निघा, मांत्रिक म्हणून निघा, शेवटी तुम्ही लपून बाण मारणारे धनुर्धारीच होता, हा खेळाडूंमधील प्रसिद्ध विनोद याच अनुभवातून जन्मला आहे.

हे असे का व्हावे? या खेळांचे मूळ संगणकात नाही, टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार असतो. तो जगाचे वर्णन करतो, इतर जण आपापल्या पात्रांची कृती सांगतात आणि निकाल सूत्रधार देतो. दुकानदाराच्या डोक्यावर बादली घालतो असे कोणी म्हणाले, तर सूत्रधार हसतो आणि दुकानदाराला आरडाओरड करावयास लावतो. नियमांच्या पुस्तकात बादलीचा उल्लेख नसला तरी त्याचे काही अडत नाही, कारण तारतम्य त्याच्यापाशी असते. हे खेळ संगणकावर आले तेव्हा फाशांचे गणित आले, तक्ते आले, नकाशे आले; सूत्रधार मात्र आला नाही. संगणक नियम अचूक पाळतो, पण नियमाचा हेतू त्याला कळत नाही. त्यातून जग मुक्त. शेकडो वस्तू, विद्या आणि पात्रे एकमेकांशी कोणत्या क्रमाने गुंततील हे निर्मात्यांना आधी पडताळून पाहणे अशक्यप्राय. तेव्हा पळवाट हा अशा खेळातील निव्वळ अपघात नव्हे. गैरहजर सूत्रधाराची ती रिकामी खुर्ची आहे. प्रश्न इतकाच, की त्या खुर्चीवर कोणी बसावे?

अडथळ्याचे प्रयोजन

कॅनडात अध्यापन करणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात खेळाची जी मीमांसा केली आहे, ती येथे उपयोगी पडते. त्यांच्या विवेचनाचे सार असे, की खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे आपखुशीने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न करणे. चेंडू खळग्यात पडावा एवढीच गोल्फ खेळणाऱ्याची इच्छा असती, तर तो हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोपे होते. तो लांबून, काठीने, वारा-उतार सांभाळीत मारतो; कारण ती अडचण काढून टाकली तर खेळच उरत नाही. व्यवहारात साध्य महत्त्वाचे असते आणि साधन जितके सुलभ तितके बरे. खेळात हे नाते उलटे होते. खेळातील साध्याला स्वतःचे असे मोल जवळजवळ नसतेच. ते मिळविण्याच्या रीतीतून त्याला मोल येते. 'स्कायरिम'मधील सोन्याच्या दहा हजार मोहरांनी बाजारातून पावशेर शेंगदाणेही येत नाहीत. त्या मोहरा हिंडून, लढून, हुकून, पुन्हा उभे राहून मिळविल्या, याच गोष्टीत त्यांची सारी किंमत असते.

नियमात बसणारी प्रत्येक गोष्ट खेळाला शोभते असे नाही, हे क्रिकेटच्या रसिकांना निराळे सांगावयास नको. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्न येथे न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकावयास सांगितले. तो चेंडू त्या वेळच्या नियमांत बसत होता. सामना जिंकला गेला. पण तो विजय चॅपेल बंधूंना आयुष्यभर चिकटला तो कलंकासारखा. याउलट १९८७ च्या विश्वचषकात लाहोर येथे पाकिस्तानची अखेरची जोडी खेळत असताना कोर्टनी वॉल्श याने चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडून निघालेल्या सलीम जाफरला धावचीत केले नाही, केवळ थांबून दाखविले. नियमाने तो बळी त्याचाच होता. वेस्ट इंडीज तो सामना हरला आणि उपांत्य फेरीत पोचू शकला नाही. तरीही त्या सामन्याची आठवण निघते ती वॉल्शसाठी.

तथापि या दोन्ही प्रसंगांत समोर कोणी तरी होते. एकट्याच्या खेळात फसवणूक झालीच तर ती कोणाची? 'होमो लुडेन्स' या १९३८ च्या ग्रंथात डच इतिहासकार योहान हॉयझिंगा यांनी लबाडी करणारा आणि खेळ उधळून लावणारा यांत भेद केला आहे. लबाड मनुष्य खेळाच्या जगाला निदान वरकरणी तरी मान देतो. उधळणारा ते जगच नाहीसे करतो. एकट्याच्या खेळात पळवाट वापरणाऱ्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याने कोणाचेच काही हिरावून घेतलेले नाही. पण ते जग मात्र त्याच्या हातून हळूहळू विरत जाते. ज्याच्यापाशी अजिंक्य तलवार आहे त्याला भुयारातील अंधाराची भीती वाटत नाही, आणि भीती नसेल तर ते भुयार भुयार राहत नाही, पडद्यावरचे चित्र होते.

शाकाहारी, निरक्षर आणि एकवचनी

म्हणूनच खेळाडूंनी आपापली बंधने निर्माण केली. ही प्रथा नवी नाही. १९८७ मध्ये प्रथम आलेला 'नेटहॅक' हा केवळ अक्षरांच्या साहाय्याने भुयार रेखाटणारा खेळ पुढे खेळाडूंच्या स्वनिर्बंधांची चक्क नोंद ठेवू लागला. सारा प्रवास मांसाशनाविना केला तर तो शाकाहारी, एकही जीव स्वतः मारला नाही तर अहिंसक, एक अक्षरही वाचले-लिहिले नाही तर निरक्षर, देवाची प्रार्थना केली नाही तर निरीश्वर. यासाठी बक्षीस काहीच नाही. शेवटी एक ओळ उमटते, इतकेच.

२०१० मध्ये निक फ्रँको याने पोकेमॉन मालिकेतील 'रुबी' हा खेळ दोन कठोर अटी घालून खेळला आणि तो प्रवास चित्रकथेतून मांडला. प्रत्येक प्रदेशात प्रथम भेटेल तोच प्राणी पकडावयाचा. आणि झुंजीत जो मूर्च्छित होईल तो मेला असे समजून त्याला कायमचे सोडून द्यावयाचे. 'नझलॉक' या नावाने ही पद्धत जगभर पसरली. पकडलेल्या प्रत्येक प्राण्याला नाव द्यावे, अशी आणखी एक रीत तीत रूढ झाली. परिणाम असा झाला, की ज्या खेळात जनावरे खोगीरभरतीसारखी गोळा केली जात, त्या खेळात एखादा सामान्य पक्षी गमावल्याचे दुःख प्रौढ माणसांना होऊ लागले. खेळाची एक ओळही बदलली नव्हती. बदलला होता तो खेळणारा.

'स्कायरिम'च्या खेळाडूंतही असे नेमधर्म आहेत. कोणी नकाशावरून उडी मारीत नाहीत. पायी जातात किंवा नगराच्या वेशीवरील गाडीवानाला भाडे देतात. 'मोरोविंड'मध्ये नकाशावरून उडी मारण्याची सोयच नव्हती, नावा होत्या आणि पाठीवर माणसे वाहणारे राक्षसी कीटक होते. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'ने नकाशावरील उडी दिली आणि दिशादर्शक बाणही दिला. या सोयी नाकारणाऱ्याला वाटेतली पडकी देवळे, ओढे आणि पाऊस परत मिळतो. कोणी एकदा घडले ते घडले असे मानून मागे जात नाहीत: चोरी उघडकीस आली तर तुरुंगात जातात, सोबती मेला तर त्याच्यावाचून पुढे चालतात.

या सर्वांत उत्तम बंधने ती, जी पात्राच्या स्वभावातून उगवतात. या ठिकाणी दंडीच्या 'दशकुमारचरिता'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यातील सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली कथा सांगतो ती एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता, कारण प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावले आहेत. प, फ, ब, भ, म टाळणे ही कवीची कसरत खरी; पण कथेत तिला कारण लाभल्यामुळे ती कसरत न राहता पात्राची अवस्था होते. त्याचप्रमाणे, 'मी बाण वापरणार नाही' हा नुसता नियम झाला. 'लपून मारणे ज्याला कमीपणाचे वाटते असा हा योद्धा आहे' ही भूमिका झाली. नियम मोडण्याचा मोह होतो तेव्हा नियमापेक्षा भूमिका अधिक टिकते. आणि मोह तर होणारच. मरणाच्या दारात उभे असता पिशवीतील धनुष्य दिसत असते. ते न उचलण्यात त्या पात्राचा खरा जन्म होतो.

जबाबदारी कोणाची?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पैसे मोजून विकत घेतलेल्या खेळाचा तोल खेळाडूने का सांभाळावा? ते निर्मात्याचे काम नव्हे काय? शेकडो खंजीर घडविणे सर्वांत फायद्याचे ठरत असेल, तर दोष ते घडविणाऱ्याचा नसून तसा हिशेब मांडणाऱ्याचा आहे. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून आलेल्या माणसाने रात्री पुन्हा खंजिरांची खर्डेघाशी करावी, यात खेळ कोठे आहे? जेथे खेळच कंटाळवाणा आहे, तेथे पळवाट ही त्याच्यावरील टीका असते. ती निर्मात्यांनी ऐकावी हेच योग्य.

काहींनी ती ऐकलीही. २०१० च्या 'फॉलआउट: न्यू व्हेगास'मध्ये खेळाडूने निवडल्यास तहान, भूक आणि झोप यांची गणती करणारी, गोळ्यांनाही वजन देणारी कठोर रीत निर्मात्यांनीच पुरविली. 'फॉलआउट ४'मध्ये २०१६ साली आलेल्या अशाच रीतीने नकाशावरील उडी काढून घेतली आणि खेळ जतन करण्यासाठी बिछाना शोधावयास लावले. १४०३ मधील बोहेमियात घडणाऱ्या, २०१८ च्या 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये हवे तेव्हा खेळ जतन करावयाचा तर एक विशिष्ट मद्य पिऊन संपवावे लागते. 'रुनस्केप'मध्ये इतर खेळाडूंशी देवघेव न करता स्वतःच्याच कष्टावर जगण्याचे व्रत आधी खेळाडूंनी घेतले आणि २०१४ मध्ये संस्थेने त्याला 'आयर्नमॅन' या नावाने अधिकृत स्थान दिले. रूढी आधी आणि कायदा मागाहून, हा क्रम येथेही दिसतो. तरीही निर्माता कितीही दक्ष असला तरी मुक्त जगातील शेवटची फट बुजविणे त्याला शक्य नाही. आणि सर्वच फटी बुजविल्या तर ते जग मुक्तही राहणार नाही. म्हणजे काही भार खेळाडूवर उरतोच.

दुसरा आक्षेप असा, की पळवाट शोधणे हाही एक खेळ आहे. हे खरे आहे. शर्यतीसारखा खेळ संपविणारे खेळाडू 'मोरोविंड'सारखा महिनोन्‌महिने पुरणारा खेळ पळवाटांच्या आधारे काही मिनिटांत संपवितात. परंतु त्यांचे नियम पाहिले तर ते थक्क करण्याइतके काटेकोर असतात. कोणती चूक चालेल, कोणती नाही, घड्याळ कोठे सुरू व्हावे, चुकांचा आधार न घेणाऱ्यांची वर्गवारी निराळी असावी, हे सारे त्यांनीच ठरविले आहे. ते लोक बंधनमुक्त नाहीत, त्यांची बंधने निराळी आहेत. तेव्हा खरा भेद पळवाट वापरणारा आणि न वापरणारा यांत नाही. स्वतःची अट स्वतः ठरवून तिला जागणारा आणि वाटेल तेव्हा वाटेल ते घेत जाणारा यांच्यामध्ये तो आहे.

व्रताचे मात्र एक पथ्य असते: त्याचा डांगोरा पिटावयाचा नसतो. कठोर अटींवर खेळणाऱ्यांपैकी काहींना, सोप्या रीतीने खेळणारे हे खेळाडूच नव्हेत असे वाटू लागते. हा अहंकार अनाठायी आहे. ज्याला आठवड्यातून दोनच तास मोकळे मिळतात, ज्याचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत, त्याने सोयींचा आधार घेतला तर त्यात उणेपणा कसला? दुसऱ्यासाठी केलेला नियम ही सक्ती होय. दुसरीकडे, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हा प्रकारही येथे आढळतो: नकाशावरील उडी नाकारावयाची आणि प्रत्येक पावलाला खेळ जतन करीत जावयाचे. अशा व्रताने फराळच तेवढा वाढतो.

शिक्षकांना हा सारा प्रश्न परका वाटू नये. गणिताच्या पुस्तकात उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असतात आणि ती पाहावयास कोणाचीही मनाई नसते. तरी जो विद्यार्थी आधी गणित सोडवितो आणि मग पान उलटतो, त्यालाच ते पुस्तक उपयोगी पडते. त्याच्यावर कोणी पाळत ठेवलेली नसते. कचेरीत, घरात, रस्त्यावर माणसाला बंधने पाळावी लागतात ती बहुतेक दुसऱ्यांनी घातलेली; मोडली तर दंड ठरलेला. आपण घातलेले, आपणच पाळावयाचे आणि मोडले तरी कोणाला न कळणारे बंधन पाळण्याची सवय करण्यास जागा फार थोड्या उरल्या आहेत. एका कल्पित देशातील पायवाटेवर, रात्रीच्या पावसात, नकाशा न उघडता चालत राहणारा खेळाडू ती सवय करीत असतो. त्या चालण्याला वेळ लागतो, हे खरे. पण तो वेळ त्याने विरंगुळ्यासाठीच काढून ठेवलेला असतो. तो वाचवून त्याला करावयाचे तरी काय आहे?